नाशिकहून एका दिवसाची सहल आणि तिथे भेटलेलं नवं गाणं

मध्यलय :

नाशिकच्या आसपास काय बघावं याचे धागे इथे पुष्कळ आहेत. हरिहरच्या पायऱ्या, पहिन्याचे धबधबे, भंडारदऱ्याचे काजवे, सगळ्यांवर भरभरून लिहून झालंय. मला जरा वेगळ्या अंगाने लिहायचंय. मी आणि माझा नवरा सुट्टीच्या दिवशी सकाळी निघतो आणि रात्री घरी परततो. कुठे जायचं हे हल्ली आम्ही तिथे या दिवसांत ऐकायला काय मिळेल यावरून ठरवतो. अंतरं पूर्वीचीच, रस्तेही तेच, पण त्याच रस्त्यांवर इतकं गाणं मुक्कामाला आहे हे आधी जाणवलं नव्हतं. मोबाइलवर जगभरचं संगीत मिळतं, तरी आपल्या जिल्ह्यातलं बरंचसं त्यावर नाही. ते त्या तिथीला, त्या गावात जाऊनच ऐकावं लागतं.

सुरुवात त्र्यंबकच्या रस्त्याने करते. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू, त्यांचे गुरू; त्यांची समाधी त्र्यंबकला. आषाढीची वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ही थंडीतली वारी आपल्या दारावरून जाते आणि बऱ्याच नाशिककरांना ती 'सातपूरला ट्रॅफिक जाम आहे' एवढीच माहीत असते. नगरकडून, मराठवाड्यातून, जळगावकडून दिंड्या चालत येतात. एकादशीच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी महिरावणीच्या पुढे कुठेतरी गाडी लावायची आणि एखाद्या दिंडीच्या मागे चालू लागायचं. कोणी हाकलत नाही, उलट चहाचा ग्लास हातात येतो.

पुढे पताका, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग समोरासमोर चालणाऱ्या टाळकऱ्यांच्या दोन ओळी, मध्ये मृदंग आणि वीणेकरी. मला पहिल्यांदा कळलेली गोष्ट म्हणजे एकाच अभंगाच्या चाली किती असाव्यात! मराठवाड्यातल्या दिंडीने जो अभंग संथ, लांबवत म्हटला, तोच मागच्या दिंडीत दुगणीत पळत होता. दोन दिंड्यांमधलं अंतर कमी झालं की काही पावलं दोन्ही लयी एकदम कानावर येतात, आणि दोन्हीकडचा एकही टाळकरी ढळत नाही. मृदंगवाल्या काकांशी चालता चालता बोलले. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, कणकेचा गोळा थापतात, त्याने घुमारा येतो. थंडीच्या कोरड्या हवेत ती कणीक वाळते आणि आवाज पोकळ होतो, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेली कणीक त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत होती. विसाव्याला बसले की आधी ती बदलायची, मग पाणी प्यायचं. दुपारी ब्रह्मगिरीकडे बघत बसलो होतो तेव्हाही कान त्या धुमेवरच होते.

अशी तुमच्याकडची ठिकाणं आणि गाणी लिहा. शास्त्रीय, लोकसंगीत, भजन, आजकालचं, काहीही चालेल. अट एकच, गाणं तुम्हाला नवं असावं आणि ठिकाण सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं असावं.

कादवाकाठ :

उत्तम धागा. मी निफाडचा. आमच्याकडे या म्हणायला नांदूरमध्यमेश्वर आहे, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे. 2020 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला; असा दर्जा मिळालेली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. नाशिकहून साधारण 40 किलोमीटर. सगळे दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन येतात. मी म्हणेन, चापडगावच्या बाजूला उजाडायच्या आधी पोचा आणि दुर्बीण पिशवीतच ठेवून अर्धा तास नुसतं ऐका. अंधारात आधी जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट सुरू होतो, मग लांबून चक्रवाकाचा आवाज येतो, तो एकदा ओळखीचा झाला की कधी चुकत नाही. हळदीकुंकू बदकं उडताना पंखांचा आवाज वेगळा. याला गाणं म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण माझा कान इथेच तयार झाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या.

मध्यलय :

@कादवाकाठ, नक्कीच म्हणायचं. पण तुमच्याकडून माणसाच्या गळ्यातलंही एक हवं आहे. :)

पंचवटीकर :

वाचतोय. माझं वय झालं, लांब जाणं होत नाही, म्हणून गावातलंच सांगतो. अर्ध्या दिवसात चालत होईल.

रामसेतू पुलापासून सुरुवात करा. नारोशंकराचं मंदिर, खरं नाव रामेश्वर, 1747 मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं. त्याच्या कोटावर जी घंटा आहे ती पोर्तुगीजांवरच्या वसईच्या विजयाची. गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघतात, पण जुनी माणसं नारोशंकराच्या घंटेचंही नाव घेतात.

तिथून पंचवटीत जा. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं हे संगीताच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आले आणि त्यांनी इथे रामनाम आधाराश्रम चालवला हे नव्या मुलांना सांगावं लागतं. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णू, म्हणजे आपले डी. व्ही. पलुसकर, यांचं लहानपण याच गावात गेलं. वडील 1931 मध्ये गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले, आणि 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले.

माझ्या नातीला 'नवं संगीत' हवं होतं. मी तिला डीव्हींची बिलासखानी तोडी ऐकवली. जुनी तबकडी, तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या वेळात आलाप, बंदिश, ताना, सगळं मांडून हा माणूस समेवर येतो आणि कुठे घाई केली असं वाटत नाही. तिने ती लगेच परत लावली. नंतर श्री रागही ऐकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घाटावर जाऊन बसलो, एक-एक इअरफोन कानात घालून. तिच्यासाठी हे गाणं नवंच आहे, तेव्हा तुमच्या अटीत बसतं असं धरतो.

साउंडचेक :

आजोबांना +1. बिलासखानी आत्ताच ऐकली. पहिल्या स्वरापासून गळा इतका सरळ लागलाय की ऐकताना मान आपोआप खाली जाते.

माझी भर : गंगापूर धरणाच्या बाजूला सुलाच्या द्राक्षमळ्यात खुला रंगमंच आहे. सुला फेस्ट 2008 मध्ये सुरू झाला. मी इतर शहरांतले आणि बाहेरदेशीचे बँड पहिल्यांदा तिथेच ऐकले. उतारावर बसून ऐकायचं, मागे मळा, समोर सूर्य बुडतोय. तिकीट महाग असतं हे खरं, म्हणून मी आधी कलाकारांची यादी बघतो आणि ज्यांचं एकही गाणं ऐकलेलं नाही असे कोणी असतील तरच जातो.

पाथर्डीफाटा :

त्र्यंबकच्या वारीला पुढच्या पौषात नक्की. पण स्वतःची गाडी नसलेल्यांनी काय करायचं? मी आणि आई असतो फक्त.

मध्यलय :

@पाथर्डीफाटा, त्र्यंबक आणि सिन्नर या दोन्हीकडे सिटीलिंकच्या बस आणि एसटी, दोन्ही जातात. वारीच्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते, तेव्हा आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या. आईंना फार चालणं जमत नसेल तर सिन्नर आधी करा. गोंदेश्वराला रस्त्यापासून चढ नाही. यादवकाळातलं भूमिज शैलीचं शिवपंचायतन आहे, मधे महादेव, चार कोपऱ्यांत गणपती, पार्वती, सूर्य, विष्णू. भल्या सकाळी गेलात तर आवार जवळपास रिकामं मिळतं.

भीमथडी_सिन्नर :

सिन्नरचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. गोंदेश्वराला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की याच तालुक्यातल्या देशवंडीत 15 ऑगस्ट 1922 रोजी वामनदादा कर्डक जन्मले. शाळा नशिबात नव्हती. पोट भरायला मुंबईला गेले, अक्षरओळख मोठेपणी तिथेच झाली, आणि त्याच हातांनी पुढे हजारो गाणी लिहिली. बाबासाहेबांचा विचार शेतावरच्या आणि गिरणीतल्या माणसाच्या तोंडी बसवला तो या माणसाने. 15 मे 2004 रोजी गेले.

माझ्या घरी ही गाणी लहानपणापासून आहेत, तेव्हा मला ती नवी नाहीत. पण पुण्याहून आलेल्या माझ्या ऑफिसच्या मित्राला घेऊन मी गेल्या एप्रिलमध्ये नाशिकरोडला गायनपार्टीच्या कार्यक्रमाला गेलो, त्याला सगळंच नवं होतं. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी, कोरस. मुख्य गायक एक ओळ टाकतो, लोक ती उचलतात, मग तो तीच ओळ तीन-चार तऱ्हांनी फिरवतो, कधी बोलल्यासारखी, कधी टिपेला नेऊन, आणि चौथ्या वेळी तिचा अर्थ छातीत जातो. मित्र म्हणाला, हे मला कोणी आधी का ऐकवलं नाही. मला उत्तर देता आलं नाही आणि तो प्रश्न मलाही लागून राहिला आहे. नाशिकमध्ये शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम असला की शहरभर बोर्ड लागतात. गायनपार्टीचं मात्र त्या वस्तीबाहेर कोणाला कळत नाही.

सहल म्हणाल तर अशी करा. सकाळी काळाराम मंदिर. 2 मार्च 1930 रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तिथून येवला. 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून उभी आहे. 13 ऑक्टोबरलाच जा. त्या दिवशी लांबलांबून माणसं येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात, गाणी होतात. पैठणीचे माग बघायला येवल्याला सगळेच जातात, त्याच फेरीत हेही करा.

मध्यलय :

@भीमथडी_सिन्नर, तुमचा प्रतिसाद वाचून घरी बराच वेळ बोलणं झालं. पुढच्या एप्रिलमध्ये कार्यक्रम कुठे आहेत ते इथे आधी टाकाल का? बोर्ड लागत नसतील तर निदान या धाग्यावर तरी लागू देत.

भीमथडी_सिन्नर :

टाकतो. शब्द दिला.

गिर्यारोहक_ना :

संगीत आणि सहल एकत्र म्हटलं की मला भीतीच वाटते. दुगारवाडीला, हरिहरला पोरं ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतात. आणि चैत्रात वणीच्या रस्त्यावर तर बघायला नको, पदयात्रेत गाडीवर डीजे. देवीच्या गडावर जाताना हे कशाला? तुमच्या धाग्यामुळे लोकांना आणखी चेव येऊ नये एवढीच इच्छा.

सिडकोची_अहिराणी :

स्पीकरबद्दल शंभर टक्के सहमत. धबधब्यावर गाणी लावणं बंदच व्हायला हवं.

पण वणीच्या पदयात्रेबद्दल थोडं सांगू द्या. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीची यात्रा असते आणि निम्मं खान्देश पायी निघतं. धुळे, जळगाव, मालेगाव, सटाणा या वाटेने रणरणत्या उन्हात डांबरी रस्त्यावर चालत. देवी आमची माहेरवाशीण, आम्ही तिच्या माहेरचे, अशा थाटात. पूर्वी रात्रभर चालताना बाया अहिराणीत गाणी म्हणायच्या. आता त्यातली बरीच गाणी डीजेवर आली, नवीन चाली आल्या. आवाज कमी असावा हे मान्य, घाटात आणि रात्री तर बंदच असावा. पण त्या गाडीवर जे वाजतं ती आमची बोली आहे. टीव्हीवर नाही, रेडिओवर क्वचित, शाळेत तर नाहीच. माझ्या भाच्यांना अहिराणीचे जे काही शब्द येतात ते या गाण्यांमुळे.

आणि जुनं, बिनस्पीकरचं ऐकायचं असेल तर वणीपर्यंतही जायला नको. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सिडको, सातपूर इथल्या खान्देशी घरांत नारळाची कानबाई मांडतात, नथ, दागिने, साडी घालून सजवतात, रोटांचा नैवेद्य असतो, आणि रात्रभर बाया गाणी म्हणतात. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. माझ्या सासूबाई कधी कोणासमोर गात नाहीत, त्या रात्री मात्र पहिली ओळ त्यांची. दोन गट करतात, एका गटाने ओळ म्हटली की दुसरा ती पुढे नेतो, आणि मधेच कोणाला तरी जुनं कडवं आठवतं, मग सगळ्या जणी थांबून ते लक्षात ठेवून घेतात. ओळखीच्या घरी सांगून या, जेवून जावं लागेल एवढंच.

गिर्यारोहक_ना :

@सिडकोची_अहिराणी, ही बाजू मला माहीत नव्हती. चैत्रात बाजूला उभं राहून शब्द ऐकेन. श्रावणात कानबाईलाही यायला आवडेल.

सिडकोची_अहिराणी :

या दादा. वहिनींनाही घेऊन या.

नागली :

मी सुरगाणा तालुक्यात शिक्षक आहे. मूळ कोकणा आदिवासी समाजातला. हा धागा कोणीतरी पाठवला आणि दोन दिवस विचार करत होतो लिहू की नको, कारण आमच्याकडचं संगीत हे बहुतेक वेळा देवाचं काम असतं. त्याचा कार्यक्रम होत नाही. तरी लिहितो, कारण येणारे नीट समजून आले तर मला आनंद आहे.

आधी थाळगानाबद्दल. काशाची थाळी जमिनीवर ठेवतात. तिच्या मधोमध मेणाचा गोळा, मधाच्या पोळ्याचं मेण, आणि त्यात एक सुकी काडी उभी रोवलेली. कथा सांगणारा त्या काडीवरून दोन्ही हातांची बोटं वरून खाली आळीपाळीने ओढत राहतो. थाळीतून एक सलग घुंकार निघतो, तो थांबत नाही, वर चढत नाही, खाली उतरत नाही. त्या आवाजावर तो कथा गातो. धरती कशी झाली, धान्य कसं आलं, कणसरी म्हणजे आमची धान्याची माय, तिची कथा. रात्र पुरत नाही एवढी लांब. जवळ बसलेला एक जण ओळीच्या शेवटी होकार भरतो. माझे चुलत आजोबा थाळीवर बसत. मी लहानपणी त्या आवाजात झोपी गेलोय. शहरात शिकायला गेलो तेव्हा तंबोरा पहिल्यांदा ऐकला आणि थेट आजोबांच्या ओटीवर पोचलो.

शहरातल्या माणसाला थाळगान आधी कंटाळवाणं वाटतं. एकच स्वर, एकच चाल, भाषा कळत नाही. तासभर धीर धरा. मग कळतं की चाल एकच ठेवली आहे ती कथा पुढे यावी म्हणून. गाणाऱ्याने एखाद्या नावावर आवाज किंचित दाबला तरी ओटीवरची सगळी माणसं सावरून बसतात.

दुसरी पावरी, फुंकून वाजवायचं वाद्य. सुकवलेला दुधी भोपळा आणि बांबू यांची, टोकाला मोरपिसं बांधलेली. तारपा तुम्ही चित्रांतून पाहिला असेल, त्याच कुळातली. वाजवणारा श्वास तोडत नाही, गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर अखंड राहतो. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, सुरगाणा, कळवण, बागलाण या भागांत आणि पुढे साक्रीकडे, डांगात. व्रत धरलेल्यांना माऊली म्हणतात. ते दिवसचे दिवस पाळणूक करतात, गावोगाव नाचत फिरतात, आणि पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर देवाच्या ठिकाणी जागतात. पावरी तेव्हा वाजते. कोणी म्हणालं की एरवी घरी वाजवून दाखवा, तर जाणता माणूस तयार होईलच असं नाही.

तेव्हा विनंती अशी. आधी गावातल्या माणसाशी बोलून या. माऊलींच्या मधे जाऊ नका. मोबाइल काढण्यापूर्वी विचारा, आणि नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. एकदा बाहेरून आलेल्या गटाने पावरी वाजवणाऱ्याच्या तोंडासमोर दिवे लावून शूटिंग केलं, नंतर ते कुठे कुठे फिरलं, आणि त्या माणसाचं नाव कुठेही नव्हतं. त्याला ते फार लागलं. नाव विचारा, आणि जिथे सांगाल तिथे ते नावासकट सांगा.

ज्यांना पाहुणा म्हणून मोकळेपणाने यायचंय त्यांनी बोहाड्याला यावं. होळीनंतर उन्हाळ्यात हरसूल, पेठ, सुरगाणा आणि पलीकडे मोखाडा, जव्हार भागात होतो, प्रत्येक गावाची वेळ वेगळी. रात्री देवांची, राक्षसांची सोंगं मुखवटे घालून टेंभ्यांच्या उजेडात नाचत येतात. सोबत संबळ आणि सनई किंवा पिपाणी. डोळे मुखवट्यांकडेच जातात, पण संबळाकडे लक्ष ठेवा. सोंग बदललं की ठेका बदलतो. शारदेचं सोंग मोरावर बसून येतं त्याचा ठेका हलका, डुलणारा. नरसिंहाच्या वेळी तो इतका अंगावर येतो की लहान मुलं आईला चिकटतात. थोड्या वेळाने तुम्हाला सोंग दिसायच्या आधी कळायला लागेल कोण येतंय.

पावसाळ्यात आलात तर केळावणचा भिवतास धबधबा बघा. थंडीत बोरगावच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरी मिळते, ती आमच्याच शेतांतली, भाव फार पाडू नका.

मध्यलय :

@नागली सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला. चित्रीकरणाबद्दल तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावरच्या प्रत्येक जागेला लागू आहे. वारीतल्या मृदंगवाल्या काकांचं नाव मी विचारलं होतं, त्यांनी हसून 'माऊली म्हणा' सांगितलं, म्हणून वर लिहिलं नाही. बोहाड्याला यायचंच आहे. तिथी ठरली की कळवाल का?

नागली :

हो ताई. गावपंचांचं ठरलं की लिहितो. रात्री जागायच्या तयारीने या. मुक्काम शाळेत होईल, अंथरूण आणा. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी घरची.

साउंडचेक :

नागली सर, मी साउंड रेकॉर्डिंगचं काम करतो. तुमच्या गावात कोणाला थाळीची कथा त्यांच्या स्वतःसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी जपून ठेवायची असेल तर मी माझी साधनं घेऊन येईन. रेकॉर्डिंग त्यांच्याकडेच राहील, मी कुठेही टाकणार नाही. पैसे नकोत.

नागली :

आजोबा आता नाहीत. एक काका आहेत, अजून बसतात. विचारून सांगतो. त्यांच्या मुलाला कथा अर्धीच येते आणि याचीच त्यांना काळजी आहे, तेव्हा बहुतेक हो म्हणतील.

पंचवटीकर :

हे वाचून फार बरं वाटलं. पलुसकरांच्या तबकड्या राहिल्या म्हणून आज नातीला ऐकवता आल्या. काकांची कथाही राहायला हवी. नागली सर, काकांना माझा नमस्कार सांगा.

पाथर्डीफाटा :

आम्ही सिन्नर केलं! आईला गोंदेश्वर इतकं आवडलं की प्रदक्षिणा घालताना ती आपोआप ओवी म्हणायला लागली, तिच्या आजीची, जात्यावरची. मी ती आजवर ऐकलेली नव्हती. अटीत बसतं का? सगळी लिहून घेतली आहे, घरी आल्यावर पुन्हा म्हणायला लावली.

मध्यलय :

@पाथर्डीफाटा, बसतं म्हणजे काय! आईंची हरकत नसेल तर इथे लिही.

बागलाणी :

उशिरा आलो, पण आमच्या मुल्हेरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. किल्ल्यासाठी मुल्हेरला आणि साल्हेरला ट्रेकर सतत येतात. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. पण मुल्हेर गावात उद्धव महाराजांचं समाधिमंदिर आहे आणि कोजागिरीला तिथे रासक्रीडा होते, शेकडो वर्षांची. लाकूड, बांबू, केळीची पानं, फुलं यांचं मोठं रासचक्र बांधतात आणि संध्याकाळी सगळे मिळून ते मंडपावर चढवतात. मग त्याखाली रात्रभर पदं म्हणतात. मराठी, हिंदी, ब्रज, गुजराती, सगळ्या भाषांतली पदं, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या रागांत. गाणारे कोणी व्यावसायिक गवई नाहीत. शेतकरी, दुकानदार, मास्तर, घराघरांतून आलेले. पदं पाठ असतात आणि पिढीकडून पिढीकडे चालीसकट जातात. रात्रीचे राग सरत पहाटेचे येतात, बाहेर उजाडतं आणि शेवटचं पद होतं.

@मध्यलय, अट मोडते कारण रात्र जाते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघता येतं.

मध्यलय :

अट मोडू देत. गुजराती आणि ब्रज पदं बागलाणात कशी आली याचा अंदाज येतो, गुजरातच्या सीमेवरचा आणि सुरतेच्या जुन्या वाटेवरचा मुलूख तो. पण ती ठरलेल्या रागांत बांधून इतकी वर्षं गावाने सांभाळली हे मला माहीत नव्हतं. आम्ही यंदाच येतो. कसं यायचं, कुठे बसायचं, बाहेरच्यांनी काय पाळायचं, तेवढं लिहा.

बागलाणी :

नाशिक, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर. शंभर किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा दुपारीच निघा, कारण चक्र चढवतात ते बघायलाच हवं. त्या वेळी मंडपाच्या अगदी खाली उभे राहू नका, दोऱ्या ओढणाऱ्यांना जागा लागते. रात्री परतीची एसटी मिळणार नाही, गाडी करून या. कोजागिरीला आमच्याकडे पहाटे चांगलीच थंडी पडते, शाल आणा. पदं चालू असताना बोलू नका आणि टाळ्या वाजवू नका. गाणाऱ्यांच्या मागच्या बाजूला सतरंजी असते, तिथे बसा, शब्द तिथूनच नीट कळतात. दूध मंदिरातच मिळेल. आणि @पाथर्डीफाटा, तुमच्या आईंनाही घेऊन या, आमच्या बाया जात्यावरच्या ओव्या अजून म्हणतात, त्यांचं जमेल.